निनावी मजकुराविरुद्ध न्यायालयात कसे जावे, आणि निनावी लिहिणाऱ्याने काय जपावे

खोट्या नावाच्या खात्यावरून कोणी आपल्याविषयी भलतेसलते लिहिले, की माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘हे लिहिले कोणी?’ हा. सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार असो, खासगी शिकवणी चालवणारा शिक्षक असो किंवा यंत्रमाग कारखानदार असो, वकिलाकडे येताना संशयिताचे नाव बहुतेकांच्या मनात आधीच पक्के झालेले असते. न्यायालयाच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न नंतरचा आहे. नेमके काय लिहिले, ते कोणी वाचले आणि त्यातले काय खोटे आहे, हे आधी कागदावर यावे लागते. लिहिणाऱ्याचे नाव उघड करण्याचा हुकूम त्यानंतरच मागता येतो. ज्याने हा क्रम उलटा केला त्याचा बराचसा वेळ संशयापायी जातो आणि मुदत हातची निसटते. पुढील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष प्रकरणात कागदपत्रे दाखवून वकिलाचा सल्ला घ्यावा.

आधी वाक्ये वेगळी करा

समजा, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखानदाराविषयी एका निनावी खात्याने तीन वाक्ये लिहिली: ‘याच्या टॉवेलचा रंग दोन धुण्यांत जातो’, ‘हा कामगारांच्या पगारातून पीएफ कापतो पण भरत नाही’ आणि ‘असल्या माणसाला मंडळाचे अध्यक्ष कशाला केले?’ तिन्ही वाक्ये झोंबणारी आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. पहिले ग्राहकाचा अनुभव असू शकते, आणि टॉवेलचा रंग खरोखरच जात असेल तर त्यावर दावा लावणे म्हणजे न्यायालयातच टॉवेल धुऊन दाखवण्याचे आमंत्रण होय. तिसरे निव्वळ मत आहे. खरा आरोप दुसऱ्या वाक्यात आहे, कारण ते वस्तुस्थितीचे विधान आहे, ते खरे की खोटे हे चलनांवरून तपासता येते आणि ते खरे असेल तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. तिन्ही वाक्यांवर मिळून दावा लावला की वादी टीका सहन न होणारा माणूस आहे असे दिसू लागते; फक्त दुसऱ्यावर लावला आणि सोबत भरणा झाल्याची चलने जोडली, तर पहिल्याच तारखेला न्यायाधीशांना प्रकरण समजते.

हा फरक कायद्यातच आहे. दिवाणी दाव्यात विधान खरे असल्याचे सिद्ध झाले की तेवढा बचाव पुरतो. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, केवळ खरेपणा पुरत नाही. ते प्रसिद्ध करणे सार्वजनिक हिताचे होते हेही आरोपीला दाखवावे लागते. या कलमाला दहा अपवाद आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्‌भावनेने व्यक्त केलेले मत, न्यायालयीन कामकाजाचा खरा वृत्तांत, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार हे त्यांपैकी व्यवहारात वारंवार लागणारे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या मजकुराला जुन्या दंड संहितेची कलमे ४९९ आणि ५०० लागतात. फौजदारी बदनामीचा कायदा घटनाबाह्य नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सांगितले असल्याने त्या वादात वेळ घालवण्याचे कारण नाही.

खासगीपणाचा भंग ही वेगळी बाब आहे आणि ती बदनामीत मिसळू नये. आपला आजार, घराचा पत्ता, मोबाइल क्रमांक, घटस्फोटाचे कागद कोणी निनावी खात्यावर टाकले, तर ते खरे असले तरी तक्रार उरतेच, कारण तेथे खोटेपणाचा प्रश्नच नसतो. खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालचा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात ठरवले. त्याआधी, १९९४ च्या राजगोपाल निकालात, न्यायालयीन नोंदींसह सार्वजनिक दप्तरात असलेल्या माहितीवर सर्वसाधारणपणे असा हक्क सांगता येत नाही, असेही म्हटले आहे. तेव्हा उघड झालेली माहिती मुळात सार्वजनिक दप्तरातली होती का, हे आधी पाहावे.

पुरावा पहिल्याच दिवशी बांधा

स्क्रीनशॉट सगळेच काढतात, पण तो बहुधा कापलेला, तारखेविना आणि तिसऱ्याच माणसाने पुढे पाठवलेला असतो. पुरावा घेताना पूर्ण पान, खात्याचे नाव, त्या खात्याची संपूर्ण लिंक, मजकुराची स्वतंत्र लिंक, तारीख आणि वेळ हे सर्व दिसले पाहिजे. खात्याचे दर्शनी नाव एका मिनिटात बदलता येते, म्हणून लिंक आणि मूळ वापरकर्ता-नाव लिहून ठेवणे आवश्यक आहे. शक्य असल्यास स्क्रीन रेकॉर्डिंग करावे, म्हणजे खाते उघडून मजकुरापर्यंत जाण्याची वाट एकसंध दिसते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधील संदेश असेल, तर ज्या सभासदाच्या फोनवर तो मूळ स्वरूपात आला त्याच्याच फोनवरून तो घ्यावा. तो फोन विकू नये, रीसेट करू नये आणि संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर संदेश आधी जपून ठेवावेत.

या फोनमधल्या गोष्टी न्यायालयात पुरावा म्हणून वाचल्या जाव्यात यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ते पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली होते. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत: पहिला ज्याच्या ताब्यात ते उपकरण आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणक काढतो तो ओळख-अंक, नोंदवायचे असते; फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हे मूल्य बदलते, त्यामुळे नंतर कोणी ‘मजकुरात फेरफार झाला’ म्हटले तर उत्तर तयार असते. हे प्रमाणपत्र म्हणजे सोपस्कार नव्हे, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. जालना विधानसभा मतदारसंघातील उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला होता, आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या १४ जुलै २०२० च्या निकालात, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे ठरले. नोटरीचा शिक्का मारलेली छापील प्रत या प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

सोलापुरात आणखी एक अडचण हमखास येते. पूर्वभागातल्या समाजाच्या ग्रुपवर मजकूर तेलुगूत, तोही रोमन अक्षरांत, आणि अक्कलकोटकडच्या ग्रुपवर कन्नडमध्ये असतो. जिल्ह्यातल्या न्यायालयांचे कामकाज मराठीतून किंवा इंग्रजीतून चालते. म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा, त्याचे देवनागरी लिप्यंतर आणि मराठी भाषांतर असे तीन रकाने करून जोडावेत, आणि भाषांतर करणारा माणूस साक्षीला उभा राहील असा निवडावा. तो वादीचा नातेवाईक नसावा. टोमणा किंवा टोपणनाव वापरले असेल तर ते वादीलाच उद्देशून आहे हे वाचकांना कसे कळले, हे सांगणारा त्या ग्रुपमधला एक साक्षीदार हवाच. तोच साक्षीदार मजकूर सोलापुरात वाचला गेल्याचेही सांगतो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे बदनामी जेथे झाली तेथे दावा लावता येत असल्याने, लिहिणारा पुण्यात बसलेला निघाला तरी सोलापूरच्या न्यायालयाचा अधिकार टिकतो.

मुदत आणि मार्ग

दिवाणी दाव्याची मुदत फक्त एक वर्ष आहे आणि ती मजकूर प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून मोजतात. ‘मजकूर अजून इंटरनेटवर आहे, म्हणून रोज नवी मुदत’ हा युक्तिवाद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाकारला आहे. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षे मिळतात. समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात गेलेले महिने या मुदतीतून वजा होत नाहीत.

धमकी, बनावट अश्लील छायाचित्र, आपल्याच नावाचे खोटे खाते, पैशाची मागणी यांपैकी काही असेल तर ते प्रकरण निव्वळ बदनामीचे राहत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ६६ क, ६६ ड, ६६ ई आणि निनावी धमकीसाठी न्याय संहितेचे कलम ३५१(४) अशा तरतुदी तेथे लागू शकतात आणि यांपैकी अनेक गुन्हे दखलपात्र आहेत. अशा वेळी वकिलाची वाट न पाहता पोलीस आयुक्तालयाच्या किंवा ग्रामीण हद्द असेल तर ग्रामीण पोलिसांच्या सायबर विभागाकडे जावे. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

निव्वळ बदनामी मात्र अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही म्हणून सांगतात, तेव्हा ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नये. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७४ तेच सांगते. फिर्याद बदनामी झालेल्या व्यक्तीने स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा सामुदायिक सेवा अशी आहे. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आरोपीच अज्ञात असेल तर ही संधी द्यायची कोणाला, हा पेच पहिल्याच पायरीवर उभा राहतो. म्हणून लिहिणारा खरोखर अज्ञात असेल तर माझ्या मते आधी दिवाणी दावा लावावा आणि फौजदारीचा विचार नाव कळल्यावर करावा. नाव आधीच ठाऊक असेल, जसे ग्रुपवर मोबाइल क्रमांक दिसत असतो, तर हा प्रश्न येत नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मात्र उगाच आरोपी करू नये. सभासदाच्या मजकुराची जबाबदारी, समान हेतू दाखवल्याशिवाय, अ‍ॅडमिनवर येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

दाव्यापूर्वी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिंकसह तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपावा. त्याने समाधान झाले नाही तर तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे अपील करता येते. बदनामीचा मजकूर कंपनी अशा तक्रारीवरून काढेलच असे नाही. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानुसार न्यायालयाचा हुकूम किंवा शासनाची अधिसूचना आल्याखेरीज तसे करण्याचे बंधन तिच्यावर पडत नाही. तरीही या तक्रारीमुळे कंपनीला माहिती होती, हे पुढे दाखवता येते. त्याच पत्रात नोंदी जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी, कारण खाते बंद केल्यावर नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवण्याचे बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आहे आणि त्यापुढे ती राहीलच याची खात्री नाही.

नाव उघड करण्याचा हुकूम

प्रतिवादीचे नाव-पत्ता ‘जेवढे कळू शकेल तेवढे’ द्यावे, असे दिवाणी प्रक्रिया संहितेतच म्हटले आहे, त्यामुळे अज्ञात व्यक्तीविरुद्ध दावा लावता येतो. इंग्लंड-अमेरिकेत अशा प्रतिवादीला जॉन डो म्हणतात, तर आपल्याकडे त्याचे नाव अशोक कुमार पडले आहे. खऱ्याखुऱ्या अशोक कुमारांनी याचे वाईट वाटून घेऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या चोरट्या केबल प्रक्षेपणाविरुद्ध असा हुकूम दिला होता. सोबत कंपनीला प्रतिवादी करून खात्याची माहिती देण्याचा अर्ज करावा. मोठ्या कंपन्यांना भारतात पत्ता ठेवणे बंधनकारक असल्याने नोटीस परदेशी पाठवण्याची पाळी सहसा येत नाही.

हा अर्ज जितका आटोपशीर तितका तो मंजूर होण्याची शक्यता जास्त. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक, ईमेल आणि त्या ठरावीक दिवसांतील लॉगिनच्या आयपी नोंदी (कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून खाते उघडले त्याच्या नोंदी) एवढेच मागावे. खासगी संदेश, मित्रयादी किंवा वर्षभराच्या हालचाली मागू नयेत. भारतात यासाठी एकच ठरलेली कसोटी नाही, पण न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये डेन्ड्राइट प्रकरणात घातलेला क्रम आपल्या अर्जालाही शिस्त लावतो: लिहिणाऱ्याला कळवण्याचा प्रयत्न करणे, नेमकी विधाने उद्धृत करणे, प्रथमदर्शनी पुरावा देणे आणि मग निनावी राहण्याच्या हक्काशी तोलून पाहणे. आपल्या न्यायाधीशांवर तो निकाल बंधनकारक नाही. परंतु पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणावरचे कोणतेही बंधन प्रमाणशीर असावे लागते, आणि या क्रमाने लिहिलेला अर्ज ती अट बरीचशी आपसूक पूर्ण करतो. मेसेजिंग सेवेवर मूळ संदेश कोणी पाठवला ते शोधण्याचा २०२१ च्या नियमांतील मार्ग मात्र बदनामीसाठी नाही. तो मोजक्या गंभीर गुन्ह्यांपुरता आहे.

आयपी नोंद हाती आली म्हणजे माणूस सापडला असे नव्हे. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या ग्राहकांना वेगळे ओळखणारा अंक) आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल तर ती नोंद निरुपयोगी ठरते. कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. रात्री साडेदहाचा मजकूर कंपनीच्या नोंदीत त्याच दिवशी सायंकाळी पाचचा दिसेल. हे रूपांतर अर्जात स्पष्ट लिहिले नाही, तर दूरसंचार कंपनी भलत्याच ग्राहकाचे नाव देऊ शकते आणि वसतिगृहातल्या एखाद्या पोराच्या दारात विनाकारण समन्स जाते. शिवाय नाव मिळते ते जोडणी घेतलेल्याचे. लिहिणारा त्याच वायफायवरचा दुसरा कोणीही असू शकतो.

येथे मुदतीचा एक फास आहे. मुदत कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नवा प्रतिवादी दाव्यात आला की त्याच्यापुरता दावा तो आल्याच्या दिवशी लागला असे धरतात. चूक सद्‌भावनेने झाली असे न्यायालयाला पटले तरच सवलत मिळते. अशोक कुमारऐवजी खरे नाव वर्ष उलटल्यावर घातले, तर प्रतिवादी हा आक्षेप घेणारच. म्हणून दावा पहिल्या दोन-तीन महिन्यांत लागला पाहिजे.

तातडीच्या मनाई हुकमाविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. ब्लूमबर्ग विरुद्ध झी या २२ मार्च २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, समोरच्याचे म्हणणे न ऐकता प्रसिद्धीवर बंदी घालणे हा अपवादच असावा, असे बजावले. मजकूर उघड खोटा आहे हे कागदानेच दिसत असेल, वरच्या उदाहरणातल्या पीएफच्या चलनांसारखे, तर अर्ज करण्यात अर्थ आहे. खालच्या न्यायालयाच्या हुकमाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे झाले तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात, मुंबईचा हेलपाटा उरलेला नाही.

दावा लावताना स्वतःच्या खासगीपणाचाही विचार करावा. दाव्यात उद्धृत केलेला बदनामीकारक मजकूर न्यायालयाच्या दप्तरात कायमचा जातो, आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वादीचे नाव व हुकूम कोणालाही पाहता येतात. ज्या मजकुराला पन्नास वाचक होते त्याला न्यायालयामुळे पाचशे मिळू शकतात. मजकूर कौटुंबिक किंवा आरोग्याविषयीचा असेल तर तो सीलबंद परिशिष्टात देण्याची आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३ ब खाली बंद दालनात सुनावणी घेण्याची विनंती पहिल्याच दिवशी करावी. मागाहून केलेल्या विनंतीचा फारसा उपयोग होत नाही.

लिहिणाऱ्याच्या बाजूने

निनावी लिहिणारा प्रत्येक माणूस भुरटा नसतो. पीएफ खरोखरच भरला जात नसेल तर कामगाराला नाव लपवण्याचे सबळ कारण असते. त्याने तक्रार आधी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे करावी, कारण अधिकृत यंत्रणेकडे सद्‌भावनेने केलेल्या तक्रारीला कलम ३५६ चा अपवाद मिळतो आणि तोच मजकूर फेसबुकवर टाकला की तो अपवाद सुटतो. जाहीर लिहायचेच असेल तर पगारपत्रक, पासबुक असे जे दाखवता येते तेवढेच लिहावे, ‘सगळेच खातात’ अशी मोघम भर घालू नये, मत आणि माहिती वेगवेगळ्या वाक्यांत ठेवावी आणि मालकाच्या कुटुंबाला, पत्त्याला, फोन क्रमांकाला हात लावू नये. दुसऱ्याचा मजकूर पुढे ढकलणे हेही प्रसिद्ध करणेच आहे. व्हीपीएनवर, म्हणजे आपला इंटरनेट पत्ता झाकणाऱ्या सेवेवर, विसंबण्याआधी हे ध्यानात घ्यावे की भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी, असा सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे.

नोटीस आल्यावर घाबरून खाते पुसून टाकू नये. पुरावा नष्ट केल्याचा निष्कर्ष विरुद्ध जातो. मजकूर लोकांना दिसणार नाही असा करावा, मूळ प्रत जपावी, मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्यावे आणि नाव उघड करण्याच्या अर्जाला विरोध करताना, प्रथमदर्शनी प्रकरण ठरेपर्यंत नाव फक्त न्यायालयाकडे सीलबंद राहावे, अशी मागणी करावी. नोकरी जाण्याची किंवा मारहाणीची भीती असेल तर ती शपथपत्रात नेमकी लिहावी.

बदनामीचा गुन्हा तडजोडपात्र आहे आणि दिवाणी दावाही मध्यस्थीला पाठवता येतो. तडजोड करताना ‘दिलगिरी व्यक्त केली’ एवढ्यावर सही करू नये. कोणत्या लिंक कोणत्या तारखेपर्यंत काढायच्या, खुलासा त्याच ग्रुपवर कोणत्या शब्दांत टाकायचा, तो किती दिवस वर ठेवायचा, लिहिणाऱ्याचे नाव तिसऱ्या कोणाला सांगायचे की नाही आणि कंपनीकडून मिळालेल्या नोंदींचे काय करायचे, हे सर्व लिहून घ्यावे. निकाल किंवा तडजोड झाल्यावर हुकमाची प्रमाणित प्रत काढून, त्यातील प्रत्येक लिंक स्वतंत्र ओळीत देऊन ती कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे वादीनेच पाठवायची असते. हुकमात लिंक नसून नुसते ‘सर्व बदनामीकारक मजकूर’ असे लिहिलेले असेल तर कंपनी तो हुकूम स्पष्टीकरणासाठी परत पाठवते, म्हणून हुकमाचा मसुदा देतानाच लिंकची यादी परिशिष्ट म्हणून जोडावी.